लाइव्ह शोसाठी फोटोग्राफर शोधताय?

आमच्या बँडचे सुरुवातीचे फोटो बघितले ना, तर बँडमध्ये गायक एकटाच आहे आणि त्याला तोंडाच्या जागी माइक आहे असंच वाटेल. ड्रमर तर कुठल्याच फोटोत नाही, मागे अंधारात एक काळा गोळा दिसतो, तोच तो. फोटोग्राफर ओळखीतले, लग्नाचे फोटो एकदम झकास काढायचे, म्हणून बोलावलं आणि त्यांनी अख्खा शो फ्लॅश मारला. स्टेजवरच्या लाइटचा सगळा रंग गेला आणि गायक बिचारा दर दोन ओळींनी डोळे चोळतोय.

तेव्हापासून मी कुणाचेही निवडक दहा-बारा फोटो बघून हो म्हणत नाही, एकाच शोचे, तेही छोट्या अंधाऱ्या जागेतल्या शोचे, त्या बँडला दिलेले सगळे फोटो दाखवा म्हणतो. मोठ्या स्टेजवर लाइटवालाच निम्मं काम करून देतो हो. शिवाय मोठ्या शोमध्ये बऱ्याचदा फोटोग्राफरने फक्त पहिली तीन गाणी फोटो काढायचे, फ्लॅश नाही, आणि मग बाहेर, असा नियम असतो, त्यामुळे तिथल्या फोटोत सगळे अजून फ्रेश दिसतात, घाम नाही, केस विस्कटलेले नाहीत, खरी मजा तर नंतर येते.

मग गप्पा मारायच्या. लेन्स कुठली विचारा, एफ २.८ किंवा त्याहून उघडणारी (आकडा जितका लहान तितका जास्त प्रकाश आत येतो) नसेल तर अंधारात आयएसओ, म्हणजे कमी प्रकाशातही फोटो उजळ आणणारं कॅमेऱ्याचं सेटिंग, ६४०० च्याही वर न्यावा लागतो आणि फोटोत दाणे दाणे येतात, नाहीतर शटर इतका स्लो ठेवतात की गिटारवाल्याचा हातच गायब. माझा आवडता प्रश्न म्हणजे हळू गाण्यात क्लिकक्लिक आवाज येऊ नये म्हणून काय करता? सायलेंट शटर लावतो एवढंच म्हणाला तर थोडं थांबा, कारण एलईडी लाइट डोळ्यांना कळत नाही इतक्या वेगात लुकलुकत असतात आणि सायलेंटवर बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोवर आडवे पट्टे येतात. जो म्हणेल की साउंडचेकला, म्हणजे शोआधी आवाज तपासतात तेव्हा, येऊन पट्टे येतात का बघतो, नाहीच जमलं तर शांत जागा सोडून टाळ्यांमध्ये क्लिक करतो, त्याला घ्या.

गाणी आधी पाठवून ठेवा. सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायचा तुकडा, कधी येणार हे माहीत असलेला माणूस आधीच तिकडे जाऊन उभा राहतो, बाकीचे सोलो संपल्यावर पळत येतात.

पैसे, फोटो किती दिवसात देणार, पोस्टरवर किंवा अल्बमच्या कव्हरवर वापरले तर चालेल का, हे मेसेजवर का होईना पण लिहून घ्या, नंतर चांगल्या ओळखीतसुद्धा वाजतं.

आत्ता जी मुलगी आमचे फोटो काढते तिने पहिल्याच भेटीत विचारलं, ड्रमच्या मागे उभं राहायला जागा आहे का? तिथेच ठरलं. ड्रमरचा डीपी आता बदललाय, फोटोत डोळे मिटलेत त्याचे, पण चालतंय म्हणतो.