पहिले साठ टर्न, तोच मॅप, तीन वेळा

गेले दोन महिने मी सिव्हिलायझेशन सिक्स या कॉम्प्युटर गेममध्ये (शहरं वसवत आपलं राज्य वाढवायचं, सगळे टर्न-टर्नने खेळतात) एम्परर लेव्हलला अडकलोय. किंग लेव्हल आरामात जिंकतो, पण एक पायरी वर चढलं की शंभराव्या टर्नला बाकीच्यांची सात-आठ शहरं, माझी तीन, सायन्स निम्मं, आणि मग पुढे नुसतं मागनं धावत बसायचं. मला वाटायचं मी मधल्या गेममध्ये माती खातो. माझा मावसभाऊ बंटी डेइटीला, म्हणजे सगळ्यात अवघड लेव्हलला खेळतो, त्याला एका रात्री स्क्रीन शेअर करून दाखवलं तर चाळिसाव्या टर्नलाच म्हणाला, "दादा, बंद कर, संपलाय हा गेम."

म्हटलं अरे अजून कोणाशी साधं भांडणही झालं नाहीये!

"म्हणूनच तुला कळलं नाही."

मग त्यानेच गृहपाठ दिला. रिस्टार्टचं बटण दाबायचं नाही कारण ते नवीन मॅप देतं, पहिल्या टर्नचा ऑटोसेव्ह उघडायचा, साठ टर्न खेळायचे, शहरं मोजून वहीत लिहायची आणि परत पहिल्यापासून. तोच मॅप परत खेळणं म्हणजे पेपर फुटल्यावर परीक्षा देणं आहे हे मान्य, पण आपल्याला मार्क नकोयत, चूक कुठे होते ते बघायचंय.

मॅप असा: मी चंद्रगुप्त, नदीकाठची टेकडी एका पावलावर, उत्तरेला घोडे, पूर्वेला कॉम्प्युटरचा ॲझ्टेक राजा मॉन्टेझुमा. आणि राजधानीच्या हद्दीत दगड, त्याला लागून सपाट जमीन. हा दगड लक्षात ठेवा.

पहिल्या वेळी मी माझ्या नेहमीच्या सवयीने खेळलो. स्काउट, बिल्डर, मॉन्युमेंट, आणि दगड दिसला रे दिसला की स्टोनहेंज हे वंडर, म्हणजे जगात एकालाच बांधता येणारी वास्तू. त्याला १८० प्रोडक्शन लागतं. पहिला सेटलर, म्हणजे नवीन शहर वसवणारा, ८० ला येतो, आणि पुढचा प्रत्येक सेटलर आधीच्यापेक्षा महाग होत जातो. म्हणजे मी एका वंडरच्या नादात जवळजवळ दोन शहरं गहाण ठेवत होतो, तेही अशा लेव्हलला जिथे कॉम्प्युटर सुरुवातच दोन सेटलर घेऊन करतो. स्टोनहेंजला सहा टर्न उरले असताना ते दुसऱ्याच कोणीतरी बांधलं. वहीत नोंद: टर्न ६०, शहरं २, शेजारी बंटीने काढायला लावलेला एक मोठा भोपळा.

पण खरा घोटाळा त्याच्याही आधी झाला होता आणि तो मला दुसऱ्यांदा बघताना दिसला. बाराव्या टर्नला बार्बेरियन, म्हणजे कुठल्याच राज्याच्या नसलेल्या लुटारू टोळ्यांचा, एक स्काउट (टेहळ्या) माझ्या शहराजवळ आला, त्याच्या डोक्यावर लाल उद्गारचिन्ह उगवलं आणि तो उत्तरेला पळाला. मी आजवर ते चिन्ह बघून "बरं" म्हणून पुढचा टर्न दाबायचो. ते चिन्ह म्हणजे गड्याने तुमचं शहर पाहिलंय आणि आता तो छावणीवर जाऊन चुगली करणार, ती पोचली की तिथनं टोळ्या सुटतात. छावणी घोड्यांजवळ असेल तर घोडेस्वार सुटतात, आणि उत्तरेला घोडेच होते! माझा एकुलता एक वॉरियर तेव्हा नऊ घरं लांब कुठलंतरी गाव शोधत फिरत होता, आणि नंतरचे वीस टर्न मी फक्त शेतं दुरुस्त करत बसलो.

वॉरियर त्या स्काउटला पाठलाग करून कधीच गाठू शकत नाही, कारण तो तीन घरं चालतो आणि आपला वॉरियर दोन. त्यामुळे मागे लागायचं नाही, त्याच्या आणि छावणीच्या मधे जाऊन उभं राहायचं. मला शेकडो तास खेळून हे माहीत नव्हतं, लाज वाटते सांगायला.

दुसऱ्या वेळी मी दुसऱ्या टोकाला गेलो. वंडर नाही, सैन्य नाही, नुसते सेटलर. एक सेटलर जंगलातनं एकटाच चालला होता, त्याला बार्बेरियननी उचलला. चौथं शहर हावरटासारखं मॉन्टेझुमाच्या दारात वसवलं, तिथे माझी लोकसंख्या एक आणि आजूबाजूला त्याची भरलेली शहरं, लॉयल्टी (शहराची माझ्यावरची निष्ठा) दर टर्नला घसरत गेली आणि एक दिवस शहरच त्याला जाऊन मिळालं. चार वसवली, हातात राहिली तीन. बंटी हसत होता पण म्हणाला, "दादा, मागच्यापेक्षा बरंय हे."

तिसऱ्या वेळी मात्र नीट बसून विचार केला. स्काउट, मग स्लिंगर (गोफणवाला), मग लगेच सेटलर. सेटलर निघाला की शहराची लोकसंख्या एकाने कमी होते म्हणून मी नेहमी "आधी शहर वाढू दे" म्हणून थांबायचो, आणि त्या थांबण्यातच सगळी चांगली जमीन जायची. वॉरियर घराजवळ ठेवला, राज्याच्या धोरणांमध्ये डिसिप्लिनचं कार्ड लावलं म्हणजे बार्बेरियनशी लढताना पाच जास्त ताकद मिळते, आणि वॉरियरने आधी मारून अर्धमेला केलेल्याला शेवटचा दगड स्लिंगरकडनं मारून घेतला. तो शेवटचा दगड स्लिंगरचाच हवा, तरच आर्चरीचा युरेका मिळतो, म्हणजे तो शोध लवकर लागतो. वॉरियरने मारलं तर काही नाही, हे मी दोनदा विसरलोय.

सिव्हिक्समध्ये, म्हणजे टेक्नॉलॉजीसारख्याच पण राज्यकारभाराच्या शोधांमध्ये, कोड ऑफ लॉज, फॉरेन ट्रेड आणि तडक अर्ली एम्पायर, कारण तिथे कॉलोनायझेशनचं कार्ड आहे, सेटलरला ५०% जास्त प्रोडक्शन. अर्ली एम्पायरचा इन्स्पिरेशन (सिव्हिक्समधला युरेकाच) एकूण लोकसंख्या सहा झाली की मिळतो, आणि ती सगळ्या शहरांची मिळून धरतात हे माझ्या डोक्यातच नव्हतं. म्हणजे दुसरं शहर लवकर काढलं तर तेही भर घालतं. तिसाव्या टर्नच्या आसपास अर्बन प्लॅनिंगचं कार्ड काढून कॉलोनायझेशन लावलं आणि राजधानीतनं ओळीने सेटलर काढले. मायनिंग आलं की बिल्डरकडनं जंगल तोडून शेवटचा सेटलर लवकर ओढला.

कॅम्पसची, म्हणजे सायन्स वाढवणाऱ्या डिस्ट्रिक्टची (शहराच्या खास विभागाची), जागा मात्र परवडत नसतानाही टाकून ठेवली, कारण डिस्ट्रिक्टची किंमत टेक्नॉलॉजी वाढतील तशी वाढते पण एकदा जागा टाकली की किंमत तिथेच थांबते. शहरं नदीकाठीच घेतली, गोड्या पाण्यामुळे हाउसिंग (शहर किती वाढू शकतं ते) ५ मिळतं, नुसत्या समुद्राकाठी ३, कोरड्या जागी २. इरिगेशननंतर भारताला स्टेपवेल मिळते, म्हणजे आपली बारवच, ती सपाट जमिनीवर खोदायची, त्याने अन्न आणि हाउसिंग दोन्ही वाढतं. गेममध्ये मराठे नाहीत, बारवेवर समाधान मानायचं.

टर्न ६०, शहरं ५.

बंटीला फोटो पाठवला, त्याने अंगठा दाखवला आणि विचारलं, "लक्झरी किती?" मी चैनीच्या वस्तू मोजल्या तर चार, त्यातल्या दोन मॉन्टेझुमाकडे नाहीत. आणि त्याला नेमकं तेच खुपतं, आपल्याकडे नसलेली लक्झरी दुसऱ्याकडे असली की त्याचं डोकं फिरतं. मागच्या दोन वेळा मी इतका गरीब होतो की त्याला राग यायचं कारणच नव्हतं. चौसष्टाव्या टर्नला त्याने मला जाहीर शिव्या घातल्या आणि आता सीमेवर ईगल वॉरियर जमायला लागलेत, ताकद २८, माझ्या वॉरियरची २०.

त्या दगडावर या वेळी दगडखाण (क्वारी) काढलीय, त्यामुळे मेसनरीचा, म्हणजे भिंतींसाठी लागणाऱ्या शोधाचा, युरेका मिळाला आणि राजधानीच्या भिंतींचं काम सुरू झालंय. नऊ टर्न लागतील. बंटीच्या हिशोबाने मॉन्टेझुमा सहा टर्नमध्ये येतोय.