धम्मयात्रेतले दोन फौजी

श्रीलंकेच्या धम्मयात्रेला माणसे नेण्याचा व्यवसाय मी भुसावळहून करतो. बाहेरच्यांना वाटते की हे काम म्हणजे बस, हॉटेल आणि जेवण. प्रत्यक्षात निम्मा जीव कागदांत जातो. आमच्याकडच्या साठीच्या पुढच्या कित्येक माणसांचा जन्म कागदोपत्री 1 जूनला झालेला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची वाटली. आधारवर एक नाव, पेन्शनच्या कागदावर दुसरे आणि सातबाऱ्यावर तिसरेच असते, आणि केळीच्या चिकाने व कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे पासपोर्ट कार्यालयाचे यंत्र घेता घेत नाही. हे सगळे पार पडले की नवजीवन एक्सप्रेसने चेन्नई, तिथून विमानाने कोलंबो. पुढे अनुराधपूरचा महाबोधी वृक्ष, कँडीचे दंतधातू मंदिर (1950 साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब कँडीलाच आले होते, हे प्रत्येक बसमध्ये कोणी ना कोणी सांगतेच) आणि उत्तरेला जाफन्याजवळच्या बेटावरचे नागदीप.

नागदीपमुळे आमची बस जाफन्यातून जाते, आणि गेल्या हिवाळ्यातला तो दिवस त्यामुळेच घडला.

त्या तुकडीत दोन माजी सैनिक होते. त्यातले आप्पा अमळनेरकडचे. प्रवाशांच्या यादीत व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी ठळक अक्षरांत ‘माजी सैनिक, ऑपरेशन पवन’ असे लिहून पाठवले होते आणि त्या मोहिमेतले, म्हणजे 1987 ते 1990 दरम्यान श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेच्या दिवसांतले, फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर आणले होते. दुसरे नाना यावल तालुक्यातले. त्यांनी त्याच रकान्यात ‘शेतकरी’ लिहिले होते, आणि ते खोटे नव्हते; मृगबाग आणि कांदेबाग अशी दोन्ही हंगामांची केळी ते करतात. पैसे त्यांच्या मुलाने भरले होते. नानींना बोधिवृक्ष पाहायचा होता. नाना हवालदार म्हणून निवृत्त झाले एवढे मला ठाऊक होते, पण ते 8 महारमध्ये, म्हणजे महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीत, होते आणि 1987 च्या हिवाळ्यात जाफन्यात लढले होते, हे मला अनुराधपूरला मुक्काम असताना रात्री जेवणानंतर कळले. ‘उद्या मी इथेच थांबतो, तुम्ही सगळे जाऊन या,’ असे ते म्हणाले. तब्येत बरी नाही का, असे मी विचारले, तेव्हा आप्पांनीच भांडे फोडले. दोघांनी एकमेकांची पलटण कधीच विचारून घेतली होती. नानांनी फक्त ती आम्हाला सांगू नये अशी ताकीद दिली होती. नानींना नवरा ‘लंकेत होता’ एवढे माहीत होते. कुठल्या गावात, ते त्यांनी कधी विचारले नव्हते. सकाळी नाना सगळ्यांच्या आधी बसमध्ये बसलेले दिसले. का, ते मी विचारले नाही.

अनुराधपूरहून वावुनिया, किलिनोच्ची, एलिफंट पास असा रस्ता आहे. आमचा गाईड सिंहली, हिंदी उत्तम बोलणारा. गाईड मंडळींबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. पाठ केलेले भाषण समोर कोण बसले आहे हे न पाहता म्हणून टाकण्याची त्यांची सवय कुठल्याही देशात सारखीच. यानेही माईकवरून सुरुवात केली, की भारताने आधी तमिळ पोरांना शस्त्रे चालवायला शिकवले, मग 1987 मध्ये राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला, आणि मग त्याच पोरांना आवरायला भारताचे सैन्य आमच्या देशात आले, जे इथे कोणालाच नको होते. मी माईक काढून घ्यायला उठलो तेव्हा नाना म्हणाले, ‘बोलू द्या त्याला. खोटं काय बोलतोय?’ आप्पांना मात्र ते सहन झाले नाही. त्यांनी जागेवरूनच सुनावले, की 1989 मध्ये तुमच्या प्रेमदासांच्या सरकारने याच तमिळ वाघांना, म्हणजे लिट्टेच्या टायगर्सना, आमच्याविरुद्ध लढायला हत्यारे पुरवली, तेही सांग. गाईड गप्प झाला. आप्पांचे म्हणणे बरोबर होते, गाईडचेही बरोबर होते, आणि एलिफंट पासची खाडी मागे पडेपर्यंत बसमध्ये कोणी कोणाशी बोलले नाही.

सहलीच्या धंद्यात आम्ही युद्धाला ‘इतिहास’ म्हणतो आणि पुढच्या थांब्यावर नारळपाणी पाजतो. 1971 च्या युद्धातल्या माजी सैनिकांना बांगलादेशाने विजय दिनाच्या सोहळ्याला पाहुणे म्हणून बोलावल्याचे आपण वाचलेले असते. तिथे हार असतात, भाषणे असतात, कारण त्या युद्धाचा शेवट दोन्ही बाजूंना सांगता येतो. शांतिसेनेचे तसे नाही. जुलै 1987 मध्ये करार झाला तेव्हा जाफन्यातल्या लोकांनी भारतीय जवानांना हार घातले, ऑक्टोबरमध्ये त्याच शहरात लढाई पेटली, आणि मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परत आली तेव्हा मद्रासला तिच्या स्वागताला तिथले मुख्यमंत्री गेले नाहीत. सुमारे बाराशे जवान तिथे मारले गेले. माझ्या बसमध्ये शेजारी बसलेल्या शिक्षकांना ही संख्या माहीत नव्हती, आणि ते इतिहास शिकवत होते.

जाफना शहराच्या बाहेर कंदरोडै नावाचे गाव आहे. तिथे प्रवाळाच्या दगडाचे लहान लहान प्राचीन स्तूप एकाच आवारात उभे आहेत, आणि आमच्या यात्रेकरूंसाठी ते महत्त्वाचे ठिकाण आहे. त्याच गावात 25 नोव्हेंबर 1987 च्या रात्री झडती मोहिमेवरून परतणाऱ्या 8 महारच्या तुकडीवर घात झाला होता. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी उलट वेढा घातला, हातघाई झाली, छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच गोळी घातली, आणि शेवटच्या श्वासापर्यंत ते हुकूम देत राहिले. महार रेजिमेंटला मिळालेले परमवीर चक्र ते हेच. आप्पा दुसऱ्या दलातले, त्या रात्री ते तिथे नव्हतेही, पण बसमधून उतरताच त्यांनी विचारले, ‘आठे बोर्ड काबर नही लावा?’ नाना म्हणाले, ‘कोण लावील? आणि लिहील काय?’

स्तूपांसमोर सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले. त्रिशरण झाले, पंचशील सुरू झाले, तेव्हा नानी वळून पाहू लागल्या. नाना बसलेले होते, हात जोडलेले होते, पण आवाज नव्हता. वंदना संपताच ते उठून शेजारच्या शेतात गेले. ‘घरी तं रोज म्हणतात हे,’ नानी मला म्हणाल्या, जणू ती सोय माझ्याकडूनच राहून गेली होती.

मी ड्रायव्हरला घेऊन मागोमाग गेलो. ड्रायव्हर जाफन्याचा तमिळ, कामापुरते इंग्रजी बोलणारा. तिथे केळीची बाग होती आणि पन्नाशी ओलांडलेला एक शेतकरी पाईपने आळ्यांना पाणी देत होता. जाफन्यात बारमाही नदी नाही. चुनखडीच्या दगडात खोदलेल्या विहिरींवर सगळी शेती चालते. माती तांबडी, इतकी की पांढऱ्या धोतराच्या काठाला लगेच चढते. नाना एका ओळीतून दुसऱ्या ओळीत पावले मोजत गेले. अंतर बरोबर नाही, दाटी झाली आहे, असे त्यांचे मत पडले. एका पानाची मागची बाजू उलटून त्यांनी करप्याचे ठिपके पाहिले, एका घडाच्या फण्या मोजल्या, घडाखालचे कमळ, म्हणजे केळफूल, अजून तोडले कसे नाही म्हणून मान हलवली, आणि ठिबक का बसवले नाही असे विचारले. मी इंग्रजी केले, ड्रायव्हरने तमिळ. शेतकऱ्याने बहुधा पैसे नाहीत असे सांगितले. 2021 मध्ये त्यांच्या सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली होती, त्या वर्षी बाग कशी पिवळी पडली, ते तो हातवारे करून सांगत राहिला. आमच्याकडे युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते हे नानांनी सांगितले, तेव्हा त्याने ड्रायव्हरला तो आकडा पुन्हा विचारला. हे सगळे इतके सहज चालले होते की मी घड्याळ पाहायला लागलो; नागदीपची बोट गाठायची तर कुरिकट्टुवानच्या धक्क्यावर वेळेत पोहोचावे लागते.

तेवढ्यात नाना म्हणाले, ‘त्याला सांगा, मी 87 साली इथे होतो. फौजेत.’

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, हे सांगू नये. यात्रेच्या मधोमध, बाकीची माणसे पलीकडे प्रसाद वाटत असताना, एका अनोळखी शेतात हा विषय काढण्यात मला शहाणपण दिसत नव्हते. नाना म्हणाले, ‘सांगा.’

शेतकऱ्याने पाईप खाली ठेवला नाही. तो बराच वेळ बोलला आणि ड्रायव्हरने ते दोन वाक्यांत आटोपले: तो तेव्हा सतरा वर्षांचा होता, आणि झडतीच्या दिवसांत घरच्यांनी त्याला या विहिरीत उतरवून लपवले होते. कोणापासून, असे नानांनी विचारले. तुमच्यापासूनही आणि टायगर्सपासूनही, असे उत्तर आले. तेही पोरे उचलून नेत होते. यावर नाना काय बोलतील याची मी वाट पाहत होतो. ते विहिरीच्या काठाशी गेले, आत वाकून पाहिले आणि विचारले, ‘तेव्हा पाणी किती होतं हिला? पावसाचे दिवस होते.’ शेतकऱ्याने स्वतःच्या छातीवर आडवा हात ठेवून दाखवला. मग दोघे विहिरीच्या पाण्याबद्दलच बोलत राहिले: उन्हाळ्यात किती खाली जाते, समुद्राचे खारे पाणी आत येते का, पंप किती अश्वशक्तीचा. माफी कोणी मागितली नाही, आणि कोणी दिलीही नाही. निघताना शेतकऱ्याने हात जोडले की कपाळावरचा घाम पुसला, हे मला नीट दिसले नाही. आप्पांच्या मते त्याने हात जोडले.

बोट आम्हाला मिळाली. शहरातून जाताना नानांनी जाफन्याच्या मोठ्या रुग्णालयाची इमारत ओळखली. त्याच 1987 च्या दिवाळीत तिथे भारतीय सैन्याच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मारले गेले होते. आतून गोळ्या आल्या असे आपले सैन्य सांगत आले, तिथले लोक ते मानत नाहीत आणि दरवर्षी त्या दिवशी मृतांची आठवण करतात. गाईडने यावर माईक हातात घेतला नाही, एवढी समज त्याला एव्हाना आली होती.

बोटीत नाना माझ्याशेजारी येऊन बसले आणि मी न विचारताच म्हणाले, ‘मी चार म्हटली. मनात. पहिलं सोडलं.’ पहिले शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे आहे. पुढे त्यांनी एवढेच सांगितले, की त्या रात्री अंधारात सगळेच गोळ्या झाडत होते, त्यांच्या गोळीने कोणी मेले की नाही हे त्यांना आजही माहीत नाही, आणि घरी रोज म्हणताना हा प्रश्न येत नाही. मेजर साहेबांबद्दल विचारले, तर ‘चांगला माणूस होता’ यापलीकडे ते गेले नाहीत. नागदीपच्या विहारात मात्र त्यांनी पाचही शीले मोठ्याने म्हटली, ती नानींनी ऐकली, आणि त्यांच्यापुरता विषय मिटला.

आप्पांचे मन मात्र वेगळ्याच कारणाने खट्टू झाले. पलाली विमानतळाच्या बाजूला शांतिसेनेचे स्मारक आहे, पण ते लष्करी हद्दीत असल्यामुळे आधी परवानगी लागते. तशी परवानगी मिळवून देऊ असे ज्या मध्यस्थाने तोंड भरून सांगितले होते, त्याचा फोन त्या दिवशी लागला नाही. अशी माणसे या धंद्यात पैशाला पासरी आहेत. परतीच्या दिवशी कोलंबोजवळ श्री जयवर्धनेपुर कोट्टे इथले शांतिसेनेचे स्मारक पाहून त्यांचे थोडे समाधान झाले. कोरलेल्या नावांवर बोट फिरवत त्यांनी गावाकडच्या मित्राला व्हिडिओ कॉल लावला. नानाही उतरले, त्यांच्या पलटणीतली नावे त्यांनी वाचली, पण फोटोत आले नाहीत.

आप्पांनी ते फोटो माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले आणि तेव्हापासून मला धुळ्यापासून बुलढाण्यापर्यंतचे फोन येतात. काहींना ‘फक्त जाफना’ हवे आहे. एकाने, ज्या मातीने आमची पोरे खाल्ली तिथे तू सहली नेतोस, म्हणून शिव्या घातल्या, आणि शेवटी भाडे किती तेही विचारले. माझ्या भागीदाराला यात ‘फौजी स्पेशल’ दिसते. त्याने पत्रकाचा मजकूरही लिहून आणला आहे, तोफेच्या चित्रासकट. मी तो छापू दिलेला नाही, पण नाही म्हणण्याचे कारण मला त्याला नीट सांगताही आलेले नाही.

नानांचाही फोन आला होता. चेन्नईहून सरळ जाफन्याला विमान जाते हे त्यांना कुठून तरी कळले आहे; एकट्याने दोन दिवस जाऊन येता येईल का, असे ते विचारत होते. येईल, म्हटले, पण पासपोर्टची मुदत आधी पाहावी लागेल. नानींना सांगितले आहे का, हे विचारल्यावर ते म्हणाले, कांदेबागेची लागवड होऊन जाऊ दे, मग बघू. लागवड कधीच झाली आहे. मी त्यांना फोन केलेला नाही, त्यांनीही केलेला नाही.