शिंप्याच्या वहीतली कंबर

एसटी डेपोत आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. दोन डॉक्टर, रक्त घेणारा लॅबचा मुलगा आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून मी. तालुक्याच्या गावात माझं छोटं क्लिनिक आहे. कंबर, मान, गुडघे धरून येणाऱ्यांत ड्रायव्हर बरेच असतात, म्हणून मला मुद्दाम बोलावलं होतं. वर्कशॉपशेजारच्या खोलीत टेबलं मांडली होती. माझ्याकडे तीन कामं होती: वजन-उंची, पोटाचा घेर आणि खुर्चीची चाचणी.

खुर्चीची चाचणी साधी असते. हात छातीवर बांधून बसायचं आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. मांड्यांत किती जोर शिल्लक आहे हे त्यात लगेच दिसतं.

साडेअकराच्या सुमाराला ड्रायव्हर-कंडक्टरची एक जोडी आली. दोघं ४६-४७ वर्षांचे, एकाच वर्षी भरती झालेले आणि बरीच वर्षं एकाच मार्गावर असलेले. वस्तीच्या गाडीवर डबाही एकत्रच खाणार. कंडक्टर आधी बसले. वजन ६६ किलो, पोट ८८ सेंटीमीटर, खुर्ची १७ वेळा. मग ड्रायव्हर. उंची १६८, वजन ८४, पोट १०६. खुर्चीवरून नवव्यांदा उठताना त्यांनी नकळत मांडीवर हात टेकला, मी थांबवलं. साठी ओलांडलेल्या पुरुषांकडूनही या चाचणीत साधारण १४ची अपेक्षा असते. त्यांना धाप लागली होती आणि ती ते लपवत होते.

मी आकडे लिहिले आणि सवयीने छापील कागद पुढे केला. "रोज ४५ मिनिटे भरभर चाला. गोड, तळलेले टाळा. वजन कमी करा." त्यांनी तो वाचला, नीट चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

"मॅडम, वजन कमी करा हे मला आतापत्तूर तीन जणांनी सांगितलं. पाच दहाची पहिली गाडी हाय. सव्वातीनला उठतो. परत येऊन जेवून पडलो की अंग हलत न्हाई. ह्ये पंचेचाळीस मिनिटं कुठून आणायचं, ते कुणीच सांगत न्हाई."

मला उत्तर आलं नाही. ते बरोबर बोलत होते, आणि चौथी मी होते.

मग त्यांनी कार्डावरच्या १०६ आकड्यावर बोट ठेवलं. "आणि ह्ये चुकलंय. माझी पँट अडतिसची हाय." अडतीस इंच म्हणजे साधारण ९७ सेंटीमीटर. मी समजावलं की पँट तुम्ही पोटाखाली बांधता. आम्ही टेप लावतो तो शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर. त्यांना ते पटलं नाही. स्टँडसमोरच्या शिंप्याकडे वहीत लिहिलेलं आहे म्हणाले. कंडक्टर हसत हसत गेले आणि दहा मिनिटांत खुद्द शिंपीमामांनाच घेऊन आले. वही दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, हा त्यांचा नियम.

जाड पुठ्ठ्याची लांबट वही होती, कडा तेलकट झालेल्या. पानाच्या डोक्यावर नाव आणि बिल्ला नंबर, खाली रकाने: लांबी, कंबर, सीट, मांडी, मोरी. डेपोतल्या निम्म्या लोकांची खाकी त्यांच्याच मशीनवर शिवलेली. ड्रायव्हरांच्या पानावर कमरेच्या रकान्यात वरून खाली लिहिलं होतं: २००६ साली ३१, मग ३३, ३५, ३७ आणि शेवटी ३८. दोन पानं उलटल्यावर कंडक्टर: ३०, ३१, ३१, ३२, ३२. लांबी दोघांचीही तीच. बदललेला रकाना एकच.

खोलीत जरा शांतता झाली. मग शिंपीमामा म्हणाले, "ह्यात नवीन काय? मी शिवतानाच कापड आत सोडतो. कंडक्टरच्या पँटीला एक इंच, ड्रायव्हरच्या दोन. उसवून वाढवायला लागणारच असतं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हीच गोष्ट मी कॉलेजात शिकले होते, पण लंडनची. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली तिथल्या दुमजली बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांची तुलना प्रसिद्ध केली. पगार, वस्ती, राहणी सारखीच. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर जिन्याने वरखाली, एका पाळीत ५०० ते ७५० पायऱ्या. कंडक्टरांना हृदयविकार कमी, झालाच तर उशिरा, आणि त्यात दगावण्याचं प्रमाणही कमी. व्यायाम आणि हृदय यांचं नातं आकड्यांत दाखवणाऱ्या पहिल्या मोठ्या कामांत ते गणलं जातं. पुढे १९५६ साली मॉरिस यांनी गणवेशाच्या नोंदी तपासल्या, तर ड्रायव्हरांच्या पँटींची कंबर तरुण वयातही कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली. म्हणजे मुळातच जाड माणूस ड्रायव्हर होतो की काय, ही शंका त्यांनी स्वतःच पुढे ठेवली. प्रामाणिक माणूस. माझ्यासमोरच्या वहीत मात्र दोघांची सुरुवात जवळपास एकाच इंचावरून झाली होती. दोन पानांवरून काहीही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण ड्रायव्हरांना ते पान कुठल्याही छापील कागदापेक्षा जास्त समजलं. ते कमरेचा रकाना पुन्हा पुन्हा बोटाने वाचत होते.

"खाणं तर आमचं सारखंच हाय की," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात ऑफिसमधला एक शिडशिडीत क्लार्क म्हणाला, "मला कशाला मोजता मॅडम, मी तर काडी." त्यालाही टेप लावला, ९२ आलं. आपल्याकडे पुरुषांना ९०च्या आणि बायकांना ८०च्या आत राहायला सांगतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच होता, २२.३. पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि त्या सहकाऱ्यांची ९.१. २००४ साली दोघांचा फोटोच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हे सांगितल्यावर क्लार्क गप्प रांगेत उभा राहिला.

ड्रायव्हरांना मी थांबवून घेतलं. त्यांच्याकडून छापील कागद परत मागितला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांचं वेळापत्रक लिहून काढलं. पाच दहाला सुटणं, जिल्ह्याच्या स्टँडवर वीस मिनिटं, परत, पुन्हा दुसऱ्या बाजूची फेरी. गाडी लावली की कंडक्टर कंट्रोलरकडे नोंदीला जातात, गाडी चालू असतानाही गर्दीतून वाट काढत फिरतात. ड्रायव्हर सीटवरच डोळे मिटतात, नाहीतर चहा. असे चार थांबे निघाले. प्रत्येक थांब्यावर स्टँडच्या आवारात दहा मिनिटं भरभर चालायचं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकं. दिवसाला ४० मिनिटं, पाच दिवसांत २००. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते. पूर्वी निदान दहा मिनिटं सलग हवीत अशी अट होती, २०२०च्या सूचनांत तीही काढली. पाच मिनिटं मिळाली तर पाच, तीही धरायची. पहाटे उठून मैदानावर जाणं ज्याला जमत नाही, त्याने आपल्याला हे जमायचंच नाही असं ठरवून टाकू नये, एवढ्यासाठी मी हे प्रत्येकाला सांगते.

मग चहा मोजला. दिवसाला सात, प्रत्येकात दोन चमचे साखर. चौदा चमचे, म्हणजे जवळपास ७० ग्रॅम. त्यांनाच धक्का बसला. चहा चार, साखर एक चमचा, यावर तडजोड झाली. घरी एक दिवसाआड खुर्चीवरून उठणं-बसणं, दहाचे दोन फेरे. डब्याला मी हात लावला नाही, फक्त उसळ वाढवा म्हटलं. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी (एचबीए१सी) ६.२ टक्के आली. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. ते डॉक्टरांनी हातात घेतलं.

पहिले पंधरा दिवस फोन नाही. मग कंडक्टरांचा आला. "मॅडम, प्रवासी विचारत्यात ड्रायव्हर कुठं पळाला. मीच सांगतो, फेऱ्या मारतोय."

चार महिन्यांनी ते क्लिनिकवर आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. वजन ८१. "एवढं चालून तीनच किलो?" मी आधी वजनाचं बोललेच नाही. खुर्ची पुढे ओढली. १५ वेळा, हात छातीवरच, आणि उठल्यावर धाप नाही. पोट १०१. केबिनमध्ये चढताना डाव्या हाताने दांडा ओढावा लागायचा, तो आता नुसता धरतो, हे त्यांनी आपणहून सांगितलं. सकाळी सीटवरून उतरताना धरणारी कंबर अजून धरते, पण उतरल्यावर सुटते. तीन किलो उतरवणं आणि ते उतरलेलं राहणं यात राहणंच जास्त अवघड असतं, आणि त्यासाठी या फेऱ्या सोडायच्या नाहीत, हेही मी स्पष्ट सांगितलं. शिंपीमामांकडे नवी खाकी टाकली आहे, अजून मापं दिलेली नाहीत म्हणाले. दिवाळीपर्यंत थांबणार आहेत.

गेल्या आठवड्यात त्यांची ड्युटी बदलली. आता रात्रीची लांब पल्ल्याची गाडी, मधे जेवणाचा एकच थांबा. चार थांब्यांचं आमचं गणित पुरतं मोडलं. रविवारी येतो म्हणालेत, नवं वेळापत्रक घेऊन. मी कागद काढून ठेवलाय, दोन्ही बाजूंनी कोरा.