'धोटा'ची वाटचाल

यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या सोलापूरकराला धोटा म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही; इतरांसाठी, धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारं साधन. आम्ही बनवलेल्या पटावरच्या खेळाचं नाव तेच. १२ बाय १२ घरांच्या पटावर ताणा, म्हणजे उभे धागे, छापलेला. हातातल्या रंगीत कांड्यांच्या (सुताच्या रिळांच्या) पत्त्यांनी बाणा, म्हणजे आडवे धागे, भरायचा, चादरीची नक्षी आधी पुरी करेल त्याचा डाव. पहिली खेळी करणाराच वारंवार जिंकायचा. त्याला सुरुवातीला एक कांडी कमी दिली, तेव्हा पारडं समान झालं. पत्ते ५४ होते, ते ५० केले. कापणीची जागा सोडून आमच्या छपाईच्या एका शीटवर पत्ते दहा गुणिले पाच असेच बसत होते. उरलेल्या चारांसाठी आणखी एक शीट आणि चार रंगांच्या चार प्लेटा कोण काढणार? खेळ बनवणाऱ्या नव्यांनी आधी शीट मोजावी, पत्ते मग ठरवावेत.

पहिली आवृत्ती ५०० संचांची. २ मिलिमीटरचा कप्पा बोर्ड (जाड पुठ्ठा), वर १३० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाचा, छापील आर्ट पेपर, त्यावर मॅट लॅमिनेशन, पाठ कोरी. मे महिना. बाइंडरनं पातळ खळ लावली आणि लवकर वाळावेत म्हणून बोर्ड गच्चीवर उन्हात मांडले. ओला कागद फुगतो, वाळताना आखडतो आणि बोर्डाला आपल्याकडे खेचतो. मागच्या बाजूनं ओढणारं काही नसलं की कडा वर येतात, पोट खाली जातं. बाइंडरचे पैसे पूर्ण चुकते झाले होते. "वजन ठेवा, बसेल" एवढंच उत्तर मिळालं. वजन काढलं की दोन दिवसांत बोर्ड पुन्हा उचलायचा. ते उत्तर आजही सलतं.

खोट पहिल्यांदा पकडली नवी पेठेतल्या एका खेळण्यांच्या दुकानदारकाकांनी. त्यांनी बोर्ड काउंटरच्या काचेवर ठेवला आणि कडेखाली रुपयाचं नाणं सरकवलं. नाणं आरामात गेलं. त्याच कसोटीवर ५०० पैकी ३१० बोर्ड बाद झाले. गाळ्याचं भाडं थकलं, कागदवाल्यानं उधारी बंद केली.

उपाय पाठीवर होता. मागे १०० जीएसएमचा मॅपलिथो (छपाईचा साधा कागद), पांढरा घट्ट गोंद रोलरनं पातळ लावून, वरच्या कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंचा कल, ज्या दिशेला त्याच दिशेला. ग्रेन कळत नसेल तर कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूनं ओला करा. त्याची सुरळी होते, त्या सुरळीच्या लांबीला ग्रेन. मग बोर्डांची थप्पी सपाट फळ्यांमध्ये दाबून ४८ तास सावलीत. असे १८४ वाचले, बाकी रद्दीत गेले. तेव्हापासून पाठीचा कागद लावल्याशिवाय आमचा एकही बोर्ड बाहेर पडत नाही. आणि बाइंडरला निम्मे पैसे माल काचेवर तपासल्यावरच द्यावेत, हे प्रत्येकानं लिहून ठेवावं.

पुढची वर्षं बरी गेली.

मग परगावच्या एका व्यापाऱ्यानं आमच्या खेळाची पद्धत जशीच्या तशी उचलली, शब्द बदलले, चादरीच्या जागी रांगोळी घातली आणि तो खेळ निम्म्या किमतीत विकायला काढला. पेटंट कायद्याचं कलम ३(एम) खेळ खेळण्याच्या पद्धतीला पेटंट देत नाही. कॉपीराइट मिळतो तो नियमांच्या शब्दरचनेला आणि चित्रांना, आणि त्यानं दोन्ही बदललं होतं. आमच्या हाती राहिलं ते नाव. ते २८व्या, म्हणजे खेळ-खेळण्यांच्या, वर्गात ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलं होतं, म्हणून वाचलं. नोंदणीचा अर्ज छपाईआधी करा, खेळ चालायला लागल्यावर नको.

काकांनी तो स्वस्त खेळ ठेवला नाही. बोर्ड बाद झाले त्या पडत्या काळात त्यांनी २४ संच रोखीनं घेतले होते. आजही नवा लॉट आला की ते एक डबा उघडतात, बोर्ड काचेवर ठेवतात, खिशातून रुपया काढून चारही कडांना लावून बघतात आणि मगच बिलावर सही करतात.