सूर थांबवायचा कुठे?

गेले काही महिने माझा घरचा सराव, दुरुस्तीचं टेबल आणि कार्यक्रम या तिन्ही ठिकाणी एकच विषय चाललाय: बेस गिटारचा सूर संपतो कसा. सूर सुरू कसा होतो यावर आपण बेसवाले भरपूर बोलतो. बोटाचा कोन, पिक घ्यायचं की नाही, पिकअपच्या (तारेचं कंपन टिपणाऱ्या चुंबकाच्या) वर छेडायचं की घोडीजवळ. पण छेडलेली तार कधी गप्प करायची, आणि हाताने गप्प करायची की तिची ती विरू द्यायची, यावरच ठेका जास्त अवलंबून असतो, असं माझं आता पक्कं मत झालंय. त्यामुळे या वेळी नवीन वाद्य नाही. जुनाच प्रिसिजन, म्हणजे फेंडर कंपनीचा चार-तारी बेस आहे, पण त्याच्यावर बरंच काम झालंय.

आधी तारांचं. राउंडवाउंड काढून फ्लॅटवाउंड चढवल्या. राउंडवाउंडमध्ये गाभ्याभोवती गोल तार गुंडाळलेली असते, फ्लॅटवाउंडमध्ये चपटी पट्टी. बोटांना गुळगुळीत लागतात आणि सरकताना खरखर येत नाही, हे फायदे आहेतच. मला त्या हव्या होत्या त्या मात्र वेगळ्या कारणासाठी. राउंडवाउंडचे वरचे उपस्वर बराच वेळ झणझणत राहतात. फ्लॅटमध्ये ते चटकन मावळतात आणि मागे मूळ सूर राहतो, त्याच्या सुरुवातीला एक दमदार धप्प. असा सूर लांबवला तरी तो गिटारच्या किंवा कीबोर्डच्या जागेत घुसत नाही.

माझा संच जाड आहे, इंचाच्या हजारांशात मोजायचं तर 52 ते 110. नेहमीच्या 45 ते 105 च्या संचासाठी कापलेल्या नटच्या, म्हणजे बेसच्या मानेच्या टोकाशी तारा टेकवणाऱ्या पट्टीच्या, खाचांत अशा तारा नीट बसत नाहीत, वरच्या वर अडकतात, म्हणून खाचा फाइलने थोड्या रुंद करून घेतल्या. फ्लॅट तार कापण्याआधी कापायच्या जागेपलीकडे नाही, तर अलीकडे काटकोनात वाकवायची आणि मगच टोक कापायचं. तशीच सरळ कापली तर बाहेरची पट्टी गाभ्यावर सैल होऊ शकते, आणि मग त्या तारेतून जिवंत आवाज निघत नाही. चारही तारा पूर्ण सुरात आणून बेस रात्रभर तसाच ठेवला. ताण वाढला की नेक (बेसची मान) पुढे झुकतोच. दुसऱ्या दिवशी पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या पट्टीवर) तारा दाबून धरणारा कॅपो लावला, नेक जिथे बॉडीला मिळतो तिथला शेवटचा फ्रेट दाबला आणि आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट फीलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) मोजली. 0.3 ते 0.35 मिलिमीटर हे माझं आवडतं माप. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतला ताण देणारा धातूचा दांडा, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवत नाही, आणि फिरवल्यावर लाकडाला स्थिरावायला वेळ देते. सतराव्या फ्रेटवर तारांची उंची: ई तार सुमारे 2.4 मिलिमीटर, जी तार 2 मिलिमीटर. याहून खाली आणता येते, पण फ्लॅटवर जोरात छेडायचं तर तारेला हलायला जागा लागते. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून येणारा सूर) आणि दाबलेला सूर ताडून पाहिला. दाबलेला सूर चढा आला की सॅडल (घोडीवरचा तारेचा टेकू) मागे न्यायचं, उतरा आला की पुढे.

घोडीच्या अगदी जवळ, तारांच्या खाली, फोमची पातळ पट्टीही सरकवली आहे. ही युक्ती जुनीच आहे. 1951 साली प्रिसिजन आला तेव्हा तो डबल बेस वाजवणाऱ्यांच्या हातात जाणार होता, आणि डबल बेसवर बोटाने छेडलेला सूर लवकर विरतो. पुढे घोडीवरच्या धातूच्या झाकणात फेंडर फोम बसवूनच देत असे. मोटाउन या अमेरिकन सोल संगीत कंपनीच्या ध्वनिमुद्रणांतला जेम्स जेमर्सन यांचा बेस म्हणजे 1962 चा प्रिसिजन, ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा, झाकणाखालचा फोम आणि छेडायला उजव्या हाताची एकटी तर्जनी. एवढी कमी आस (सूर टिकण्याचा काळ) असलेल्या वाद्यावर त्यांनी किती बोलका बेस वाजवला, हे आठवलं की लांब आस म्हणजे चांगलं वाद्य हे समीकरण मला बेसपुरतं तरी पटत नाही. फोम तारांना जेमतेम टेकायला हवा. घट्ट कोंबला तर सूरच ओळखू येत नाही.

आस कमी चालेल, पण ती सगळीकडे सारखी हवी. आणि इथे येतो डेड स्पॉट.

बोल्टने जोडलेल्या नेकच्या बहुतेक चार-तारी बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एक जागा अशी असते, की सूर वाजतो आणि लगेच बसतो. माझ्या प्रिसिजनवर ती सहाव्या फ्रेटवर आहे, म्हणजे सी शार्प, 138.6 हर्ट्झ. तार खराब नसते, फ्रेटही झिजलेला नसतो. नेक हा लांब, बारीक आणि एका टोकाला मोकळा लाकडाचा तुकडा असल्यामुळे त्याची स्वतःची कंपनसंख्या असते. तारेचा मूळ सूर तिच्याजवळ आला की तारेची ऊर्जा नेक हलवण्यात खर्च होते. मूळ सूर विरतो आणि वरचे उपस्वर तेवढे मागे रेंगाळतात, म्हणून तो सूर क्षणात पोकळ वाटायला लागतो.

तुमच्या बेसवर खात्री करायची असेल तर दोन सोप्या चाचण्या आहेत. तोच सी शार्प डी तारेच्या अकराव्या फ्रेटवर वाजवा. तिथे तार नेकला वेगळ्या ठिकाणी धरलेली असते, त्यामुळे बऱ्याचदा तो व्यवस्थित टिकतो. मग पुन्हा जी तारेवर या आणि हेडस्टॉकचं (नेकच्या टोकाच्या, खुंट्या असलेल्या डोक्याचं) टोक दाराच्या चौकटीला टेकवून वाजवा. सूर एकदम लांबला तर ऊर्जा नेकमधूनच जात होती हे नक्की.

यावर औषध पूर्ण नाही, जागा मात्र बदलता येते. हेडस्टॉकला वजन जोडलं की नेकची कंपनसंख्या खाली येते आणि डेड स्पॉटही खालच्या फ्रेटकडे सरकतो. मी वेगवेगळ्या वजनांचे क्लॅम्प लावून प्रत्येक फ्रेटवरचा सूर किती वेळ टिकतो ते लॅपटॉपवर रेकॉर्ड करून पाहिलं. हलक्या क्लॅम्पने काहीच फरक पडला नाही. जडने डेड स्पॉट दोन सुरांच्या मधोमध येऊन बसला, आणि मला हवं होतं ते हेच: आता पाचवा आणि सहावा दोन्ही फ्रेट थोडे थोडे कमी टिकतात, पण एकटा कोणताच बसत नाही. वजन लावण्याची जागाही महत्त्वाची. हेडस्टॉकच्या टोकाला लावलं की परिणाम जास्त, नटजवळ जवळपास शून्य. वजनामुळे बेस नेकच्या बाजूला कलतो, तेवढ्यासाठी आतून खरखरीत चामडं असलेला रुंद पट्टा वापरते. नेड स्टाइनबर्गर यांनी 1980 च्या सुमारास हेडस्टॉकच नसलेला कार्बन-ग्राफाइटचा बेस आणला. ताठ नेक आणि टोकाला वजन नाही, त्यामुळे हा प्रश्न त्यात फार कमी जाणवतो. लाकडाच्या नेकचा स्वभाव मला तरीही जास्त प्रिय आहे.

वाद्य सारखं झालं की उरतात हात, आणि खरा वेळ तिथेच गेला.

माझा सध्याचा रोजचा पाठ असा. 90 ची लय हवी असेल तर मेट्रोनोम 45 वर ठेवायचा आणि टिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतेय असं धरायचं. पहिल्या मात्रेवर सूर छेडायचा आणि टिक पडते त्या क्षणी बंद करायचा. नेमकं जमलं की टिक स्वच्छ, मोकळ्या जागेत ऐकू येते. जरा उशीर झाला की ती सुराच्या शेपटीत दबते. मग तोच सूर अर्ध्यावर, म्हणजे साधारण एक तृतीयांश सेकंदावर तोडायचा. मग पाऊण मात्रेवर. सूर तोच, छेडणं तेच, फक्त लांबी बदलते, आणि तेवढ्याने ठेका कधी चालतो, कधी उड्या मारतो, कधी मागे रेलून बसतो. ड्रमरबरोबर तालमीला बसलो तेव्हा एका गाण्यात माझा सूर स्नेअर ड्रम पडण्याच्या क्षणी संपेल असं ठरवलं. स्नेअरचा आवाज कुणीही वाढवला नव्हता, तरी तो मोठा वाटायला लागला.

तार बंद करण्याच्या पद्धतीनेही शेवट बदलतो. डाव्या बोटाचा दाब सोडला पण बोट तारेवरच ठेवलं तर शेवट मऊ येतो. एकाच बोटाने पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शली की हार्मोनिक उमटतो, म्हणून शेजारचं बोटही सोबत टेकवायचं. उजव्या हाताचं पुढचं बोट आधीच तारेवर रोवलं तर शेवट कापल्यासारखा येतो, फंकला हाच हवा. शिवाय न वाजवलेल्या तारा: ई तारेच्या पाचव्या फ्रेटवर ए वाजवला की मोकळी ए तार आपोआप गुणगुणायला लागते आणि तुम्ही थांबलात तरी ती थांबत नाही. तरंगता अंगठा त्यासाठीच. वरच्या तारांकडे जाल तसा अंगठा मागोमाग सरकत जाड्या तारांवर विसावतो.

कार्यक्रमांत डीआयचा (बेसचा सिग्नल थेट मिक्सरकडे नेणाऱ्या डब्याचा) वेगळा ट्रॅक रेकॉर्डरवर घेते आणि घरी येऊन फक्त सुरांचे शेवट ऐकते. संथ गाण्यांत फरक स्पष्ट दिसतोय. जलद गाण्यांत अजून काम बाकी आहे, विशेषतः एका मात्रेत चार सूर येतात अशा ओळींत.

घरी बसवलेली लांबी मंचावर जशीच्या तशी चालत नाही, कारण खालचे सूर सभागृह लांबवतं. मोकळ्या ई तारेचा सूर 41.2 हर्ट्झचा, त्याची तरंगलांबी आठ मीटरहून जास्त. पडदे आणि गाद्या वरचे सूर शोषतात, या सुरांना ते पुरे पडत नाहीत. घुमणाऱ्या सभागृहात मी प्रत्येक सूर मुद्दाम आखूड वाजवते. उरलेली लांबी सभागृह भरून काढतं. मोकळ्या मैदानात उलट, तिथे सूर पूर्ण धरावा लागतो, नाहीतर मधे भोकं पडतात. साउंडचेकला मी आता सर्वांत आधी एक सूर तोडून टाळी वाजल्यासारखा ऐकते आणि शेपूट किती लांब आहे ते कानात ठेवते.

कॅबिनेटची जागा हाही याचाच भाग. कॅबिनेट मागच्या भिंतीपासून एक मीटरवर असेल तर भिंतीवरून परतलेली लाट सुमारे 86 हर्ट्झला मूळ लाटेच्या विरुद्ध येते. डी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा एफ 87.3 हर्ट्झचा आहे. म्हणजे तो एक सूर समोर कमी पडतो आणि आपण विनाकारण बोटाला दोष देत बसतो. कॅबिनेट भिंतीला चिकटवलं की ही अडचण बेसच्या खालच्या सुरांच्या बरीच वर जाते. त्यामुळे खालचा भाग फुगतो, तो ॲम्पवर कमी करता येतो. विरुद्ध लाटेने खाल्लेला सूर मात्र ॲम्पच्या कोणत्याही बटनाने परत येत नाही. 35 हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर (त्याखालचे आवाज कापणारा) लावून ठेवते. चार-तारी बेसवर त्याखाली सूर नसतात, नुसती हाताची धडधड आणि मंचाचा गडगडाट असतो, आणि तोच सुरांचे शेवट गढूळ करतो. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेससाठी डीआय घेताना इनपुट एक मेगाओहमच्या आसपास आहे ना हे पाहा. कमी असेल तर वरचा भाग बोथट होतो.

कानांत फिल्टरवाले प्लग घालते, सगळ्या पट्टीत साधारण 15 डेसिबल कमी करणारे. नायोश या अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलला आठ तास ही मर्यादा, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. ड्रमच्या शेजारी उभं राहणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं मी आग्रहाने सांगते.

दुसरा बेस म्हणून राउंडवाउंड तारांचा जॅझ बेस (हे दुसरं मॉडेल) सोबत असतोच. स्लॅपच्या (अंगठ्याने तार आपटून वाजवायच्या) गाण्यांना फ्लॅटचा शेवट फारच लवकर येतो. जॅझचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडे ठेवते, तसे ते एकमेकांची हम (विजेची गुणगुण) खोडतात. एकटा पिकअप मंचावरच्या दिव्यांजवळ गुणगुणतो.

पुढचं काम फ्रेटलेसचं, म्हणजे फ्रेट नसलेल्या बेसचं. तिथे तार धातूवर नाही, थेट बोर्डावर टेकते, त्यामुळे सूर सुरू झाल्यावर उमलतो आणि बोट जरा हललं तरी त्याचा शेवट बदलतो. बेसवादक जॅको पास्टोरियस यांनी फ्रेट काढलेल्या बोर्डावर इपॉक्सीचा थर दिला होता, तो राउंडवाउंड तारांनी लाकूड झिजू नये म्हणून. मी आधी त्याच बोर्डावर फ्लॅट आणि मग राउंडवाउंड लावून, दोन्हीचे सूर वरच्याच पद्धतीने रेकॉर्ड करून ताडून पाहणार आहे. दरम्यान तुमच्या बेसवर डेड स्पॉट कुठल्या फ्रेटवर आहे आणि नेक कशाचा आहे, ते जरूर कळवा. मेपल आणि ग्राफाइट-पट्टी घातलेल्या नेकच्या नोंदी मला शेजारी ठेवून पाहायच्या आहेत.