माद्रिद ते लिस्बन : तिकिटावरची वीस मिनिटे

माद्रिदला राहत असताना, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेल्या वसईविषयीचे पोर्तुगीज कागद शोधण्यासाठी मला एका दिवसापुरते लिस्बनला जायचे होते. तिथल्या सागरपार प्रदेशांच्या ऐतिहासिक अभिलेखागारात सकाळी साडेदहाची वेळ ठरली होती आणि ती कोणत्याही परिस्थितीत चुकवायची नव्हती.

आधी रेल्वेचा विचार केला. परंतु ‘लुसितानिया’ ही रात्रीची गाडी मार्च २०२० मध्ये बंद झाली आहे, आणि गाड्या बदलत गेल्यास अख्खा दिवस मोडतो. रस्त्याने अंतर सव्वासहाशे किलोमीटरच्या घरात भरते. दोन विमानतळांमधले हवाई अंतर मात्र सुमारे ५१३ किलोमीटरच आहे, म्हणून विमानाचे तिकीट काढले. त्यावर सुटण्याची वेळ ७.२० आणि पोहोचण्याची ७.४० अशी छापलेली होती, तर परतीच्या तिकिटावर १८.३० आणि २०.५०. एकाच अंतराला जाताना वीस मिनिटे आणि येताना दोन तास वीस मिनिटे कशी लागतील, हे समजून घेतल्याशिवाय मला पुढचे काही ठरवता येईना.

दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे असतात आणि लिस्बन माद्रिदच्या एक तास मागे आहे, हे त्याचे उत्तर. खरे तर माद्रिदही ग्रिनिचच्या पश्चिमेलाच आहे; पण १९४० पासून स्पेनची घड्याळे मध्य युरोपाच्या वेळेवर चालतात. म्हणजे दोन्हीकडचा प्रवास एक तास वीस मिनिटांचाच होता.

सातच्या विमानासाठी माद्रिदची मेट्रो उपयोगाची नाही, कारण ती सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते. मी पावणेपाचला घर सोडले आणि सिबेलेस चौकातून रात्रभर चालणारी विमानतळाची पिवळी बस धरली. विमानाचे दार वेळेवर लागले, तरी धावपट्टीपर्यंत जाण्यातच वीस मिनिटे गेली. प्रत्यक्ष हवेत आम्ही जेमतेम बावन्न मिनिटे होतो. त्या दिवशी उत्तरेचा वारा असल्यामुळे विमान दक्षिणेकडून तेजो नदी ओलांडून थेट शहरावरून उतरले, आणि लाल कौलांवर वाळत घातलेले कपडेसुद्धा मला खिडकीतून स्पष्ट दिसले. हीच नदी स्पेनमध्ये ताहो म्हणून वाहते.

दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने पारपत्र तपासणीची रांग नव्हती. तरीही पारपत्र आणि निवासपत्र मी जवळ ठेवले होते, आणि ते ठेवावेच. लाल मार्गाच्या मेट्रोने आलामेदा, तिथून हिरव्या मार्गाने काइश दु सोद्रे आणि पुढे पंधरा क्रमांकाची ट्राम, असे करत जुंकेइरा रस्त्यावर पोहोचलो, तेव्हा स्थानिक वेळ नऊ वाजून पन्नास मिनिटे होती. घरातून निघाल्याला सहा तास पाच मिनिटे झाली होती. साडेदहाला पहिला गठ्ठा माझ्यासमोर आला.