आजीचे माहेर वंशावळीत नाही

भाद्रपद वद्य नवमी, नागपूर

भावाच्या मुलाच्या जात पडताळणीच्या वेळी आमच्या माहेरची वंशावळ तयार झाली. 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा हवा म्हणून भावाने तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीच्या, नकला मिळवल्या, आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा शोधून काढला आणि खापरपणजोबांपासून पुतण्यापर्यंतच्या पुरुषांची नावे रेघांनी जोडलेला कागद प्रतिज्ञापत्राला लावला. त्या कामाला तो पुरेसा होता. पण गेले काही महिने मी जे शोधते आहे, ते त्या कागदातून मिळणे शक्य नाही, कारण त्यात आजीचे नाव नाही, आत्याचे नाही आणि माझेही नाही.

शोधाला निमित्त झाले ते लेकीच्या रक्ततपासणीचे. तिच्या महाविद्यालयातल्या शिबिरात सिकलसेलची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली. ही चाचणी रक्तात दोषयुक्त हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. माणूस नुसता वाहक आहे की आजारी, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या पुढच्या चाचण्या केल्याशिवाय कळत नाही. पुढचा अहवाल हाती येईपर्यंत मी तिच्या प्रत्येक थकव्याकडे, प्रत्येक डोकेदुखीकडे भीतीने पाहत होते. अहवाल 'एएस' आला, म्हणजे ती वाहक आहे आणि वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. मग घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासले. यजमानांचे 'एए', म्हणजे दोष नसलेले, मुलाचे 'एए' आणि माझे 'एएस'. म्हणजे लेकीला हे माझ्याकडून गेले होते. मला ते कोणाकडून आले, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले आहे. पुढच्या पिढ्यांचा विचार करता ते योग्यच आहे, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे रक्त आपणच पुढाकार घेऊन तपासले पाहिजे, कारण आजार कोणत्या वाटेने आला हे त्यांच्याच रक्तातून कळते. आईची तपासणी मी आग्रहाने करून घेतली. ती 'एए' निघाली. याचा अर्थ मला हा वारसा बाबांकडून मिळाला. बाबा पंचाहत्तरी ओलांडून गेले, त्यांना कधी सांधा दुखल्याचेही कोणाला आठवत नाही. ते वाहकच असणार.

आणि इथे मला धाकटे काका आठवले. त्यांना आमच्या घरी 'वाताचा त्रास' म्हणत. उन्हाळा लागला की ते ओसरीवरच्या खाटेवर पडून असायचे. हातापायांची हाडे इतकी दुखायची की कोणी खाटेला धक्का दिला तरी ते कळवळत, आणि आजी जवसाचे तेल कोमट करून त्यांच्या पोटऱ्यांना लावताना हात अगदी हलका ठेवायची. डोळे नेहमी पिवळसर. कावीळ उतरवणाऱ्यांकडे त्यांना कितीदा नेले असेल, गळ्यात माळा घातल्या, पथ्ये झाली. पंचविशी गाठण्याआधीच ते गेले. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, सिकलसेलच्या रुग्णाची जेमतेम 10 ते 20 दिवस. इतक्या वेगाने पेशी फुटत राहिल्या की डोळ्यांत पिवळेपणा कायमचा उतरतो. विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की त्या वेदना होतात, आणि अंगातले पाणी कमी झाले की त्या वाढतात. आमच्या नागपूरकडच्या मे महिन्यात त्यांचे काय होत असेल, ते आता समजते. डॉक्टर म्हणाले की इतक्या वर्षांनी निदान करता येणार नाही, पण तुम्ही सांगता ती लक्षणे जुळतात.

ती खरोखर जुळत असतील, तर काकांना हा दोष आई आणि वडील अशा दोघांकडून मिळाला असला पाहिजे. एकाकडून मिळालेला माणूस वाहक होतो, आजारी होत नाही. आजोबांची बाजू वंशावळीत पाच पिढ्या मागे जाते. आजीच्या बाजूची एक ओळही नाही.

म्हणून भावाकडच्या नकला पुन्हा वाचल्या. कोतवाल बुकात जन्माच्या नोंदीत बापाचे नाव, जात आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच असते. आई कोण, हे लिहिलेले नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर 1918 च्या मृत्यूंच्या पानावर, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, एकाखाली एक 'ताप', 'ताप', 'ताप' असे कारण आहे आणि त्यातल्या एका ओळीत पणजोबांच्या नावापुढे फक्त 'याची बायको' लिहिले आहे. त्या ओळीवर माझे बोट बराच वेळ थांबले. तिचे पोर पुढे जगले म्हणून आम्ही आहोत, आणि आमच्यातल्या कोणालाही तिचे नाव ठाऊक नाही.

आज अविधवा नवमी. आजी आजोबांच्या आधी गेली, त्यामुळे दरवर्षी याच तिथीला भावाकडे नंदनवनला तिच्या नावाने पान वाढतात. वडे, कढी, खीर झाली, घास टाकून झाला आणि जेवणे आटोपल्यावर मी आत्याजवळ बसून आजीच्या माहेराचे विचारले. आत्या आधी गप्प राहिली, मग म्हणाली, "तिचं माहेर कोनं इचारलंच नाई वो बाई." पण नंतर ती बोलत राहिली. आजी भिवापूरकडची. तिचा भाऊ मिरचीची पोती घेऊन इतवारीत यायचा आणि परत जाताना बहिणीकडे मुक्काम करायचा. आजीची एक बहीण लहानपणीच 'हाडे दुखून' वारली होती. हे आत्याला माहीत होते, आजवर कोणी विचारले नव्हते इतकेच. आत्याचेही रक्त मागच्या महिन्यात तपासले. तीही वाहक आहे.

घरात सगळ्यांना हा शोध आवडलेला नाही. लेकीच्या लग्नाच्या वेळी अडचण होईल, कशाला गावभर करतेस, असे मोठ्या वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितले. त्यांची काळजी खोटी नाही. अहवाल लपवून झालेली लग्ने मलाही माहीत आहेत. पण वाहक मुलीचे लग्न 'एए' मुलाशी झाले तर त्यांच्या एकाही मुलाला हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील तर मात्र प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के. पत्रिका जुळवताना ज्या घरांत गुणांची इतकी चर्चा होते, तिथे दोन अहवाल शेजारी ठेवायला काय हरकत आहे? लेक स्वतः ते सांगायला तयार आहे, आणि मी तिच्याच बाजूने उभी आहे.

संध्याकाळी आत्याने दिलेल्या धाग्यावरून आजीच्या भावाच्या नातवाचा नंबर मिळाला. तो उमरेडला असतो. ओळख पटवून द्यायला थोडा वेळ लागला, मग त्याने मला 'ताई' म्हणून मोकळेपणाने सगळे ऐकून घेतले. त्याची धाकटी बहीण तिसऱ्या महिन्यात आहे आणि तिची किंवा तिच्या नवऱ्याची तपासणी कधी झालेली नाही. दोघांचे रक्त याच आठवड्यात तपासून घ्या, दोघेही वाहक निघाले तर गर्भाची तपासणी वेळेत करता येते, असे मी त्याला सांगितले. मंगळवारी तो बहिणीला आणि तिच्या यजमानांना घेऊन येतो आहे; मी त्यांच्याबरोबर मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जाणार आहे.